नंबर राहू दे, गंज जाऊ दे



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'माझं काम'. मास्तर झालेल्यांना, नर्स झालेल्यांना हा विषय सोपा आहे. मी पोलीस खात्यात होतो एवढं बहुतेकांना माहीत आहे. पण गावात कुणी विचारलं, "तू नक्की करायचास काय?" तर मी सांगायचो, "बंदुका पुसायचो." ऐकणाऱ्याला वाटायचं हा काहीतरी लपवतोय. लपवत नव्हतो. खरंच बंदुका पुसायचो. छत्तीस वर्षं. खात्यात त्या माणसाला आर्मोरर म्हणतात. शस्त्रागाराला आम्ही कोत म्हणायचो, आणि माझी सगळी नोकरी कोतात गेली. चोराच्या मागे मी आयुष्यात एकदाही धावलो नाही, हे पहिलंच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको.

या कामाचं पहिलं शिक्षण मला पोलिसात मिळालं नाही, दाभोशातच मिळालं. आपल्याकडे पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. जव्हारच्या पठारावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही चार महिन्यांत. लेंडी नदी फुगली की धबधब्याचा आवाज रात्री अंथरुणात ऐकू यायचा आणि त्याचे तुषार घरापर्यंत आले नाहीत तरी ओल यायचीच. त्या दिवसांत घरातलं सगळं लोखंड लाल व्हायचं. विळा, कोयता, कुऱ्हाड, ताईच्या पेटीची कडी, सगळं. आमची आजी आवणी संपली की विळे-कोयते राखेने घासायची, चुलीजवळ सुकवायची आणि मोहाचं तेल लावून कुडाला खोचून ठेवायची. तवा मात्र ती कधी घासून पांढरा करू द्यायची नाही. मी एकदा नदीवर नेऊन वाळूने चांगला चकचकीत करून आणला. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं, मिळाला धपाटा. दुसऱ्या दिवशी सकाळी तवा लाल. काळा होता तोवर त्याला काही होत नव्हतं.

तो धपाटा पुढे फार कामाला आला. बंदुकीच्या नळीवर जो काळा-निळा रंग दिसतो तो रंग नसतोच. तो लोखंडाचाच गंज असतो, पण काळा गंज. लाल गंज भुसभुशीत असतो, पाणी धरतो आणि आत आत खात जातो. काळा गंज घट्ट बसतो आणि तेल धरतो. आजीच्या तव्यावरचा काळा थर म्हणजे जळून बसलेलं तेल, बंदुकीवरचा काळा थर वेगळा, पण दोघांचा धर्म एक: लोखंड उघडं पडू द्यायचं नाही.

जुन्या पद्धतीने हा काळा थर कसा चढवतात ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुळ्यासारखा बघत राहिलो. नळी सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन तिचं तेलकटपण पूर्ण घालवतात. मग तिला सौम्य आम्लाचं पाणी पुसून दमट पेटीत ठेवतात आणि मुद्दाम गंजू देतात. काही तासांनी तिच्यावर लाल मखमलीसारखी बारीक लव येते. आता नळी स्वच्छ पाण्यात उकळायची. उकळता उकळता लाल लव डोळ्यांदेखत काळी होते. मऊ तारेच्या ब्रशने सुटी काजळी झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. असं सहा-सात वेळा. मग तेल. गंजाचाच पहारेकरी करून गंजाला अडवायचं. ज्या पोराने बालपणी प्रत्येक पावसाळ्यात गंजाशी मारामारी केली त्याला हे पाहून काय वाटलं असेल ते बघा. कारखान्यात एवढा वेळ नसतो. तिथे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं उकळतं पाणी वापरतात, अर्ध्या तासात काम होतं. बाटलीत मिळणारं गार औषधही असतं, फडक्याने लावलं की दोन मिनिटांत काळं. ते सगळ्यात कच्चं. त्याच बाटलीने माझा घात केला, तो पुढे सांगतो.

आमच्या कोतात मुख्यतः होत्या थ्री नॉट थ्री. ली-एनफिल्ड. तुमच्यापैकी ज्यांनी निवडणुकीच्या बंदोबस्ताला शाळेच्या व्हरांड्यात झोपलेला हवालदार पाहिला असेल, त्याच्या उशाशी हीच असायची. ही रायफल मुळात इंग्रजांची. आपल्याकडे ती बंगालमध्ये इशापूरच्या कारखान्यात बनायची. मूठ जिथे सुरू होते तिथे उजव्या बाजूला एक लोखंडी पट्टा असतो. त्यावर राजाचा मुकुट, खाली राजाची अक्षरं, खाली इशापूर, खाली साल. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह. दोन रायफली शेजारी ठेवल्या की राज्य बदललेलं बोटाने चाचपून कळायचं. मला ते फार आवडायचं. नवीन पोरं यायची त्यांना मी आधी हेच दाखवायचो. बहुतेकांना त्यात रस नसायचा, त्यांचं लक्ष जेवणाच्या सुट्टीकडे.

आणि नंबर. बॉडीवर एक नंबर. तोच बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी. तोच पुढच्या टोपीवर, जिथे संगीन बसते तिथे. तोच मागच्या माशीच्या पट्टीखाली. लाकडावरसुद्धा, आतल्या बाजूला, सुटी केल्याशिवाय दिसत नाही असा. लोकांना वाटतं हा नंबर चोरी झाली तर सापडावी म्हणून. तेही आहे. पण खरं कारण वेगळं आहे. बोल्ट त्या त्या रायफलीला घासून बसवलेला असतो. काडतुसाच्या मागे किती जागा राहते त्यावर सगळं अवलंबून. एकाचा बोल्ट दुसऱ्याला लावला आणि ती जागा जास्त झाली, तर बार होताना काडतुसाचं पितळ फाटतं आणि धग मागे येते, चालवणाऱ्याच्या तोंडावर. म्हणून सफाईला वीस रायफली एकदम उघडल्या की बोल्ट सतरंजीवर ज्याच्या त्याच्या समोर ठेवायचे आणि जोडताना नंबर वाचायचाच, तोंडाने, मोठ्याने. बाईंनी पाढे म्हणून घेतले तसे.

आता पुसण्याबद्दल सांगतो, कारण माझं सगळं काम त्यात आहे. जुन्या शस्त्रावर नको त्या खुणा पुष्कळ जमतात. एका तुकडीतून दुसऱ्या तुकडीत गेली की दस्त्यावर पहिलीची अक्षरं पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेली. रॅकचा नंबर लोखंडावरच रंगवलेला. पाऊसभर गार्डवर उभं राहून कंटाळलेल्या शिपायाने खिळ्याने कोरलेलं नाव. एकीवर बदामात बाण होता आणि दोन अक्षरं. ती कोणाची हे आम्ही तीन वर्षं शोधत होतो. कुठे चिकटपट्टीचा डिंक, कुठे घामाच्या बोटांचे ठसे तसेच्या तसे गंजलेले. हो, माणसाचा घाम खारा असतो, काहींचा तर इतका की हात लावला तिथे दुसऱ्या दिवशी बोटं उमटायची. अशा माणसाला आम्ही सफाईला बसवत नसू.

हे सगळं काढायचं आणि लोखंडाला धक्का लावायचा नाही, एवढंच ते काम. रंग असेल तर थिनर आणि बांबूची कामटी. लोखंडी पाती कधीच नाही. गंज असेल तर तेल लावून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी तांब्याच्या जुन्या पैशाच्या कडेने हलके खरवडायचं. तांबं लोखंडापेक्षा मऊ, म्हणून गंज उचलतं पण खालच्या काळ्या थरावर ओरखडा काढत नाही. माझ्याकडे तसा एक भोकाचा पैसा होता, नोकरीभर वापरला, कडा घासून पार अंडाकृती झाला. नळीच्या आतलं काम वेगळं. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या दारूचं मीठ नळीत राहायचं, आणि मीठ तेलाने जात नाही. त्यासाठी नरसाळ्याने नळीत उकळतं पाणी ओतायचं, मग पुलथ्रूने कोरडी करायची, मग तेल. नवीन पोरांना हे पटायचं नाही. बंदुकीत पाणी? गोळीबाराच्या सरावानंतर मी चुलीवर मोठं पातेलं चढवलं की ते हसायचे, चहा किती जणांचा म्हणून.

कोरलेल्या खुणेचं काय? तिथे माझ्या उस्तादांचा नियम होता. ते जुने हवालदार, साताऱ्याकडचे, फार कमी बोलायचे. रेघ वरच्या काळ्या थरात असेल तर जाईल. लोखंडात उतरली असेल तर राहू दे. कारण खोल रेघ काढायची म्हणजे रेघ निघत नाही, तिच्या आजूबाजूचं लोखंड निघतं. बाईंना आठवत असेल, आपल्या वहीत खोडरबर चालत नसे. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि बाजूला बरोबर लिहायचं, खाडाखोड दिसली की वही परत. कोताच्या रजिस्टरला तोच नियम निघाला. मी पहिल्या दिवशी रजिस्टर बरोबर लिहिलं तेव्हा उस्तादांनी विचारलं, "कुठे शिकलास?" मी म्हटलं, "जव्हारला." एवढंच. शाळेचं नाव त्यांना सांगूनही कळलं नसतं.

एवढं सगळं माहीत असून मी चूक केली. ती सांगतो. गाव, तुकडी, साहेब यांची नावं सांगणार नाही, त्यांचा काही दोष नव्हता.

नोकरीला पाच वर्षं झाली होती. दुसरीकडून सतरा रायफली आमच्याकडे आल्या. जुन्या तुकडीची अक्षरं सगळीकडे. काही ठिकाणी ती नुसती रंगवलेली नव्हती, कुणा शहाण्याने लोखंडावर खरडलीही होती. आठ दिवसांनी तपासणी. हुकूम आला, आधीच्या खुणा काढा, चकाचक करा. उस्ताद रजेवर. सगळं माझ्यावर. कामटीने आणि तांब्याच्या पैशाने सतरा रायफली आठ दिवसांत होईनात. मोटार विभागात बफिंगचं चाक होतं. मी ते दोन रात्री मागून आणलं. काय सांगू, काम कसं भराभर झालं! खरडलेली अक्षरं गेली, डाग गेले, लोखंड आरशासारखं. उघडं पडलेलं लोखंड बाटलीतल्या औषधाने काळं केलं. सतरा रायफली रॅकला लावल्या आणि मला वाटलं, बढती आता लांब नाही.

तपासणीत रजिस्टर वाचायला एक जण, रायफल वाचायला एक जण. अकराव्या रायफलीला थांबले. रजिस्टरमध्ये शेवटचा आकडा ८. रायफलीवर ३.

तुम्हाला कदाचित यात काही विशेष वाटणार नाही. पण कोतात याचा अर्थ असा होतो की सरकारी हिशोबातली एक रायफल गायब आहे, आणि तिच्या जागी रजिस्टरमध्ये नसलेली एक रायफल उभी आहे. म्हणजे कुणीतरी बदलली. कोताची किल्ली दोघांकडे, त्यातला एक मी. दार बंद झालं. त्या रात्री मी घरी गेलो नाही. मला कुणी अटक केली नव्हती, पण जा असंही कुणी म्हटलं नाही. माझं लग्न होऊन सात महिने झाले होते. बायकोला निरोप गेला की काम आहे. मी बाकावर बसून त्या तीनच्या आकड्याकडे बघत होतो आणि मला कळतच नव्हतं की हे झालं कसं. खरंच कळत नव्हतं. माझी शपथ घेऊन सांगायची तयारी होती की मी नंबराला हात लावलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उस्तादांना रजेवरून बोलावलं. ते आले, रायफल खिडकीपाशी नेली, आडवी धरली, उजेडात फिरवली. मला विचारलं, "हा रंग कुणी चढवला?" मी म्हटलं, मी. "बाटलीतला?" हो. मग त्यांनी माझं बोट धरून बॉडीवर फिरवलं. जुना काळा थर मंद असतो, तेल पिऊन बसलेला. माझा नवा रंग निळसर चमकत होता, आणि त्या चमकीची कड बरोबर नंबराच्या डाव्या अंगावरून गेली होती. तिथे बॉडीला गोलाई आहे. चाक गोलाईच्या कडेला जास्त चावतं. आठाची डावी बाजू चाकाने खाल्ली होती, उजवी राहिली होती. डावी बाजू गेलेला आठ म्हणजे तीन.

मग त्यांनी बोल्ट काढला. दांड्याच्या मुळाशी ८. पुढची टोपी उतरवली. ८. माशीची पट्टी उचलली. ८. लाकूड सोडवलं, आत काळपट अक्षरात ८. चार साक्षीदार. साहेबांनी स्वतः चष्मा लावून वाचले. पंचनामा झाला, रायफल लेखी हुकुमाने वर्कशॉपला गेली, माझी एक वेतनवाढ वर्षभर थांबली. कमीच झालं. उस्ताद माझ्यावर ओरडले नाहीत. फक्त पुढचे सहा महिने माझ्या हातात पॉलिश पेपरसुद्धा दिला नाही. नुसती चिंधी आणि तेल.

एक गोष्ट मला नंतर कळली, ती इथल्या विज्ञानाच्या सरांना आवडेल. नंबर ठोकताना ठशाच्या घावाने खालचं लोखंडही दबतं. वरून आकडा घासला गेला तरी त्या दबलेल्या लोखंडात फरक राहतो. मुंबईत कलिन्याला राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळांत घासलेल्या जागेवर रसायन लावतात. दबलेला भाग आणि बाकीचा भाग यांच्यावर त्याचा परिणाम सारखा होत नाही, आणि गेलेला आकडा सावलीसारखा वर येतो. चोराने रात्रभर कानस चालवायची आणि लोखंडाने सकाळी सगळं सांगून टाकायचं. गाड्यांच्या चेसिस नंबरालाही तेच.

आता दुसरी गोष्ट. ही सांगायची की नाही यावर माझा आणि एका माणसाचा कालपर्यंत वाद चालला होता. तो आपल्याच वर्गातला, इथेच बसलाय. तो म्हणाला, सांग, पण नाव घेतलंस तर संध्याकाळचं जेवण तुझ्याकडून. तर नाव घेत नाही.

साधारण २०११ सालची होळी. मी सुट्टीवर दाभोशाला आलो होतो. हा रात्री आला, पोत्यात काहीतरी गुंडाळलेलं. घराची कौलं काढून पत्रे टाकत होता तेव्हा आढ्याजवळ सापडली म्हणाला. ठासणीची बंदूक. त्याच्या आज्याची. शेतात रानडुकरं फार येत म्हणून तेव्हा त्यांना परवाना मिळाला होता. आमच्या लहानपणी आम्ही ती भिंतीवर टांगलेली पाहिली होती. दस्त्यावर आज्याने चाकूने खाचा पाडलेल्या, एका डुकराला एक. आज अशी खाच पाडली तर वनखातं घरी येईल, पण ते १९७२ च्या कायद्याआधीचं राज्य होतं. आजा गेला, मग बाप गेला. परवाना कुणाच्या नावावर करायचा, कुठे जमा करायची, हे कुणी बघितलंच नाही. बंदूक आढ्याला तशीच राहिली. तीस-चाळीस पावसाळे तिने तिथे काढले. नळीवर गंजाचे खवले होते, कुत्र्याला खरूज झाल्यासारखी.

मला म्हणाला, "तुझं कामच हे आहे, एवढी साफ करून दे, आठवण म्हणून भिंतीला लावतो." मी हसलो, हातात घेतली, कंदिलापाशी नेली. नळीच्या मागच्या टोकाला कारखान्याचं नाव आणि नंबर असतो. तिथे नेमका गंज नव्हता. तिथे कानशीच्या ताज्या रेघा होत्या, पांढऱ्या. पहिले दोन आकडे गेले होते. पुढचे तीन अर्धे.

मी विचारलं, "हे काय केलंस?" तो म्हणाला, बाजारात एक जण भेटला, तो बोलला की नंबर असला की पोलीस विचारतात परवाना कुठे आहे. नंबर नसला की ती कुणाचीच नाही. कुणाचीच नाही म्हणजे तुला काही नाही.

मित्रांनो, हे त्याने कपटाने केलं नव्हतं. घाबरून केलं होतं. आपल्या भागात खाकी बघून घाबरणं हे काही वेड नाही, त्याला कारणं आहेत, ती तुम्हाला ठाऊक आहेत. पण कायदा नेमका उलटा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम ८. शस्त्रावरचं नाव, नंबर, ओळखखूण खोडायची नाही, बदलायची नाही. आणि अशी खोडलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती खोडली असं धरून चालायचं, तो उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे बिननंबरची बंदूक कुणाचीच नाही असं नसतं. ती ज्याच्या हातात आहे त्याची होते, पूर्ण. नंबर होता तोवर ती आज्याची बंदूक होती, परवान्याची, शेताची. दहा मिनिटं कानस चालवून ती गावठी कट्ट्याच्या रांगेत बसली.

आणि ती रात्री माझ्या हातात होती. माझ्या अंगावर गणवेश नव्हता, पण मी पोलीस होतो, आर्मोरर होतो. मी त्याला म्हटलं, "मी ही पाहिली. आता मला गप्प बसता येणार नाही." तो म्हणाला, "आपण एका ताटात जेवलोय." मी म्हटलं, "म्हणून सकाळपर्यंत थांबतो." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाक्य असेल ते. त्याची बायको दाराशी उभी होती, तिने पोरांना आत नेलं.

रात्रभर आम्ही त्याच्या घरातली पत्र्याची पेटी उपसली. सातबारा, लग्नाच्या याद्या, रेशनकार्डं, मंडळाचे फोटो. पहाटे तीनच्या सुमाराला आज्याचं परवान्याचं पुस्तक मिळालं. वाळवीने अर्धं खाल्लेलं, पण नंबराचं पान शाबूत, आणि त्याखाली आज्याचा अंगठा. दोन आकडे जे कानशीने नेले ते त्या पानावर निळ्या शाईत होते. मी आयुष्यात दुसऱ्यांदा आकड्यासाठी डोळ्यांत पाणी आणलं.

सकाळी आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. अर्ज मी सांगितला, त्याने लिहिला. कुणाची बंदूक, कुठे सापडली, कानस कुणी चालवली, का चालवली. काही लपवलं नाही. त्याला वाटत होतं गंज म्हणून खपेल. मी म्हटलं, गंज सरळ रेघेत चालत नाही. बंदूक जमा झाली. पावती मिळाली. पुढे दीड वर्ष त्याचे हेलपाटे झाले. जबाब, पुन्हा जबाब, तालुक्याला जा, जिल्ह्याला जा. तेव्हा जिल्हा ठाणे होता, पालघर झाला २०१४ ला. इथून ठाण्याला जाऊन परत यायचं म्हणजे दिवस गेला आणि मजुरीही गेली. शेवटी त्याच्यावर खटला झाला नाही. परवान्याचं पुस्तक आणि स्वतःहून दिलेला अर्ज, या दोन गोष्टींनी तो वाचला असं मला वाटतं. पण ते दीड वर्ष त्याने भोगलं, मी नाही. तो माझ्याशी चार वर्षं बोलला नाही. गावात आलो की समोरून यायचा आणि नदीच्या वाटेला वळायचा. मला राग आला नाही. मीही त्याच्या जागी वळलो असतो.

मला लोक विचारतात, तू ती रात्रीच साफ करून, काळी करून दिली असतीस तर कुणाला कळलं असतं? खरं उत्तर असं की मला ते करता आलं असतं. हात तेवढे तयार होते. जागा एकसारखी करून, वर सहा-सात वेळा गंज चढवून, उकळून, असा रंग आणला असता की माझ्या उस्तादांनाही खिडकीपाशी जावं लागलं असतं. तेच भीतीचं होतं. तीनच्या आकड्याकडे बघत बसलेलो मी, आणि पोत्यातली बंदूक घेऊन बसलेला तो, आमच्यात फरक एवढाच होता की माझे आठाचे चार साक्षीदार चार जागी ठोकलेले होते. त्याचा एकच होता आणि तो वाळवीच्या तोंडात होता.

घाई झाली, वेळ संपला अशी खूण होतेय. एवढं सांगून थांबतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आज्याची, पणज्याची बंदूक असेल, आढ्याला, माळ्यावर, पेटीत, तर तिला हात लावायच्या आधी तिचे कागद शोधा आणि पोलीस ठाण्यात जा. एकट्याने जायची भीती वाटली तर मला फोन करा, मी येतो बरोबर. निवृत्त झालोय, दुसरं काही काम नाही. साफ करायचं ते नंतर बघू. तेल लावायला काही हरकत नाही. कानस नको. पॉलिश पेपर नको. यूट्यूब बघून आम्ल तर अजिबात नको.

आणि हो, चार वर्षांनी काय झालं ते राहिलं. २०१६ च्या पावसाळ्यानंतर हा माझ्या दारात उभा. हातात कोयता. तोही आज्याचाच, लाल झालेला, पातं निम्मं खाल्लेलं. काही बोलला नाही, नुसता पुढे केला. मी तेल लावून दोन दिवस ठेवला, पैशाने गंज काढला, मग गंजवला, उकळला, घासला, सहा वेळा. परसात चुलीवर पातेलं, बायको ओरडतेय की या पातेल्यात आता भात शिजणार नाही. गंज निघाल्यावर मुठीजवळ लोहाराची खूण वर आली, तीन टिंबं आणि एक आडवी रेघ. चाळीस वर्षं कुणाला दिसली नव्हती. तो वाकून बघत होता. म्हणाला, "एवढं राहू दे."

राहू दिलं. कोयता त्याने आज बरोबर आणलाय, पिशवीत आहे. जेवणानंतर ज्याला बघायचा त्याने बघावा. हात मात्र कोरडे करून धरा.

राम राम.